व्हेनिसला एअरपोर्टवरून हॉटेलला कसं जायचं? आधी पूल मोजा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मे महिन्यात तुम्ही, मिस्टर, १४ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असे चौघं मुंबईहून दुबईमार्गे दुपारी व्हेनिसला उतरताय, सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तीन मोठ्या बॅगा आहेत, तीन रात्रींचा मुक्काम, हॉटेल सांता मारिया फोर्मोझा चौकाच्या जवळ बुक केलंय पण अजून फुकटात कॅन्सल होतं, आणि एजंट म्हणतोय वॉटर टॅक्सी घ्या, थेट दारात सोडेल, तर ती घ्यावी की बसने जावं.

मी २००६ पासून मराठी ग्रुप आणि फॅमिली घेऊन तिकडे जातोय, व्हेनिस बहुतेक दरवर्षी असतंच, तेव्हा सरळ सांगतो. तुम्ही प्रश्न एअरपोर्टपासून सुरू केलाय, तो हॉटेलच्या दारापासून उलटा सुरू करा. एअरपोर्टवरून निघायला बस, बोट, टॅक्सी सगळं आहे आणि सगळं व्यवस्थित चालतं, माणूस अडकतो ते शेवटच्या दोनशे मीटरमध्ये. बोटीतून उतरल्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत किती पूल आहेत आणि हॉटेलात लिफ्ट आहे का, या दोन गोष्टी कळल्या की कशाने जायचं ते आपोआप ठरतं.

पूल म्हणजे आपल्या डोळ्यासमोर मुठेवरचा लकडी पूल येतो, सपाट, गाडी जाईल असा. व्हेनिसचा पूल म्हणजे जिना. खालून बोटी जायला पाहिजेत म्हणून पूल कमानीचे, चढायला पंधरा-वीस पायऱ्या आणि पलीकडे उतरायला तितक्याच, आणि असे चारशेच्या वर पूल आहेत त्या गावात. शहर शंभराहून जास्त छोट्या बेटांवर वसलंय, दोन बेटांमधलं पाणी ओलांडायचं तर पायऱ्या चढाव्याच लागतात. बॅगेची चाकं तिथे काही कामाची नाहीत, बॅग उचलावीच लागते. मुंबईहून निघताना आपण २३ किलोची बॅग काठोकाठ भरतो, त्यात चिवडा, खाकरे, मेतकूट, सासूबाईंची औषधं, एक छोटा कुकरसुद्धा लोक नेतात, आणि ती बॅग चार पूल चढवून उतरवायची म्हणजे तिसऱ्या मजल्यावर दोनदा नेण्यासारखं आहे, तेही आदल्या रात्री विमानात झोप झाली नसताना.

एक प्रसंग सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी नागपूरची एक फॅमिली माझ्यासोबत होती, त्यांनी हॉटेल स्वतः बुक केलेलं, हॉटेलवाल्याने ईमेलमध्ये लिहिलं होतं की बोटीच्या स्टॉपपासून पाच मिनिटं. पाच मिनिटं खोटं नव्हतं, मोकळ्या हाताने पाचच मिनिटं लागतात, पण त्या पाच मिनिटांत चार पूल होते आणि पाच माणसांत नऊ बॅगा. मी सोबत गेलो, दोन खेपा केल्या, दुसऱ्या खेपेत एका बॅगेचं हँडल तुटलं, आणि त्यांच्या काकांच्या कंबरेत जी उसण भरली ती रोमपर्यंत गेली नाही. व्हेनिसचे दोन दिवस ते काका हॉटेलच्या खिडकीतून बघत बसले. तेव्हापासून माझ्यासोबत येणाऱ्या प्रत्येक फॅमिलीच्या हॉटेलला मी आधी मेल टाकून विचारतो: जवळचा स्टॉप कुठला, तिथून तुमच्या दारापर्यंत पूल किती, लिफ्ट आहे का, आणि पाण्याच्या बाजूला दार आहे का. चार ओळींचं मेल आहे, आणि ज्या हॉटेलला उत्तर द्यायला नको वाटतं ते हॉटेल मी सोडून देतो.

आता एअरपोर्ट. मार्को पोलो एअरपोर्ट व्हेनिसच्या बेटावर नाही, मुख्य जमिनीवर तेस्सेरा नावाच्या गावाजवळ खाडीच्या काठाला आहे. तुम्ही दुबईमार्गे येताय म्हणजे इथेच उतराल, पण पॅरिस किंवा बार्सिलोनाहून स्वस्तातलं तिकीट काढून येणाऱ्यांनी बघून घ्यावं, कारण ‘व्हेनिस’ म्हणून विकलेली काही विमानं त्रेविझोला उतरतात, तिथून बसने तासभर तरी धरायचा.

मार्को पोलोवरून जमिनीचा रस्ता पियाझाले रोमा नावाच्या चौकापर्यंत जातो आणि तिथे संपतो, पुढे चाक असलेलं वाहनच नाही, रिक्षा नाही, सायकल नाही, काही नाही. जमिनीपासून व्हेनिसपर्यंत जो लांबलचक पूल दिसतो त्यातला रेल्वेचा भाग १८४६ चा आणि शेजारचा मोटारींचा १९३३ चा, त्याआधी माणूस आणि सामान सगळं पाण्यानेच यायचं. पियाझाले रोमापर्यंत दोन प्रकारच्या बस आहेत, दोन्ही अरायव्हल्सच्या बाहेरूनच सुटतात, दोन्हींना वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तिकीट १० युरोच्या आसपास. एक आक्त्व्ह (ACTV) कंपनीची ५ नंबर, ही सिटी बस आहे, बॅगा आत रॅकवर ठेवाव्या लागतात आणि मेमध्ये रॅक भरलेला असतो. दुसरी आत्व्हो (ATVO) कंपनीची निळी कोच, तिच्यात बॅगा खाली पोटात जातात. तुमच्याकडे तीन मोठ्या बॅगा आहेत, कोच घ्या. नावं इतकी सारखी आहेत की लोक एकाचं तिकीट काढून दुसऱ्याच्या बसमध्ये चढतात, ते चालत नाही, तेवढं बघा.

दुसरा मार्ग पाण्याचा. टर्मिनलमधून बाहेर झाकलेल्या वाटेने सात-आठ मिनिटं चालत गेलं की धक्का लागतो, वाट सपाट आहे, ट्रॉली नेता येते. तिथून अलिलागुना कंपनीच्या बोटी सुटतात. निळी लाइन मुरानो बेट, मग उत्तर काठाचं फोन्दामेन्ते नोवे, लिदो असं करत सान झाक्कारिया आणि सान मार्को या मुख्य चौकाला जाते, फोन्दामेन्ते नोवेला चाळीसेक मिनिटं आणि सान मार्कोला जवळजवळ दीड तास. केशरी लाइन गावाच्या आतून गुल्ये करत ग्रँड कॅनाल या गावातल्या मुख्य कालव्यात येते, तिथे रियाल्तोला तासभर. तिकीट माणशी १५ युरोच्या वर, त्यात एक मोठी बॅग आणि एक हातातली. दीड तास ऐकून लोक नाराज होतात, इतकं अंतर तर नाहीये मग एवढा वेळ का, तर बोटीला वेगाने जायला बंदी आहे, वेगाच्या लाटा घरांच्या पायावर आदळतात आणि घरं लाकडी खुंटांवर उभी आहेत, म्हणून सगळ्या बोटींना वेगमर्यादा. आणि खाडी दिसायला समुद्रासारखी असली तरी बरीच उथळ आहे, लाकडाचे मोठे ओंडके एकत्र बांधून पाण्यात रोवलेत, त्यांना ब्रीकोले म्हणतात, त्यांच्यामधून जो खोल रस्ता जातो त्यातूनच बोट जाते.

आता सासूबाईंचा गुडघा, कारण तुमचं सगळं त्यावर आहे. एजंटने वॉटर टॅक्सी सांगितली ती चांगल्या मनानेच सांगितली असणार, पण त्याने गुडघेदुखीवाल्या माणसाला त्या टॅक्सीत चढताना बघितलेलं नसावं. ती लाकडी, चकचकीत, बुटकी बोट असते, धक्क्यावरून तिच्या काठावर पाय ठेवायचा, तिथून खाली उतरायचं आणि मग वाकून केबिनमध्ये आणखी दोन-तीन पायऱ्या. बोट हलत असते. ओहोटी असेल तर धक्का आणि बोट यांच्यात चांगलं मांडीएवढं अंतर पडतं. ड्रायव्हर हात देतात, सवयीचे असतात, पण ऑपरेशन झालेला गुडघा एवढा वाकवून त्यावर सगळा भार टाकायचा म्हणजे अवघड. माझ्यासोबतच्या दोन आजींना तर दोघांनी धरून उतरवावं लागलं आणि उतरताना त्या इतक्या घाबरल्या की परतीला टॅक्सी नकोच म्हणाल्या. अलिलागुनाचीही केबिन खाली असते, आत जायला पायऱ्या उतराव्या लागतात, टॅक्सीपेक्षा बरं पण सोपं नाही.

सगळ्यात सोपी आहे ती वापोरेत्तो, म्हणजे तिथली पाण्यातली सिटी बस. तिचा स्टॉप तरंगता असतो, पाणी वर-खाली झालं की स्टॉपही वर-खाली होतो, त्यामुळे स्टॉपची फळी आणि बोटीचा डेक जवळजवळ एका पातळीत, व्हीलचेअरसुद्धा सरळ आत जाते. काठावरून तरंगत्या स्टॉपवर जायला छोटा उतार असतो, एवढंच. स्टॉप थोडा हलतो, तेव्हा सासूबाईंना आधी सांगून ठेवा की पायाखाली हललं तर घाबरायचं नाही, कठडा धरायचा. बोट लागली की एक माणूस दोर बांधतो, लोखंडी दार सरकवतो, आधी उतरणारे उतरतात मग आपण चढायचं. त्या माणसाला नजरेने सासूबाई दाखवल्यात तर तो बहुतेक वेळा स्वतःच हात पुढे करतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सांता मारिया फोर्मोझाचं हॉटेल कॅन्सल होतंय तोवर कॅन्सल करा. तो चौक फार सुंदर आहे, मला स्वतःला तो भाग सगळ्यात जास्त आवडतो, संध्याकाळी पोरं तिथे फुटबॉल खेळतात, पण तो कुठल्याच मोठ्या स्टॉपला लागून नाही. रियाल्तोला उतरलात तर सान बार्तोलोमेओ आणि सान लिओच्या गर्दीतून दहा मिनिटं चालत कमीत कमी दोन पूल, सान झाक्कारियावरून आलात तरी पूल आहेतच, आणि हे फक्त बॅगा नेताना नाही, तीनही दिवस रोज निघताना आणि रोज परत येताना. बॅगा एकदाच न्यायच्या आहेत हो, गुडघा रोज न्यायचाय.

त्याऐवजी सांता लुचिया रेल्वे स्टेशनच्या बाजूला लिस्ता दी स्पान्या नावाचा रस्ता आहे, तिथे हॉटेल बघा. स्टेशनपासून सान जेरेमिया चौकापर्यंत आणि पुढे गुल्येच्या पुलापर्यंत तो सगळा पट्टा सपाट आहे, एकही पूल नाही, दगडी फरसबंदीवर बॅग खडखडत का होईना चाकावर जाते. लोक म्हणतील टुरिस्टी एरिया आहे, दुकानं माळा आणि मुखवट्यांची आहेत, खरंय, रात्री थोडी वर्दळही असते. पण स्टेशनसमोर वापोरेत्तोचा मोठा स्टॉप आहे, फेरोव्हिया नावाचा, तिथून १ नंबर, २ नंबर, गावाच्या बाहेरून गोल फिरणाऱ्या ४.१, ४.२, ५.१, ५.२ सगळ्या मिळतात, म्हणजे सासूबाईंना पूल न चढता अर्धं व्हेनिस बघता येतं. हॉटेलला लिफ्टचं मात्र वेगळं विचारा, जुन्या घरांची हॉटेलं आहेत, लिफ्ट असेलच असं नाही, आणि ‘पहिला मजला’ म्हणजे एक जिना वर, आपल्यासारखंच.

मग तुमचा प्रवास असा होईल. विमान उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा मिळून दीड तास धरा, दुबईमार्गे येताय म्हणजे शेंगेनची, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाची, एन्ट्री इथेच होणार. बाहेर येऊन आत्व्होच्या कोचने पियाझाले रोमा. तिथून स्टेशन समोरच दिसतं, मध्ये ग्रँड कॅनाल आणि त्यावर कालात्राव्हा या आर्किटेक्टने केलेला २००८ चा नवा पूल, बघून वाटेल की अरे हे तर पाच मिनिटांचं काम. त्या पुलावरून बॅगा घेऊन जाऊ नका. दिसायला देखणा आहे पण लांब आहे, पायऱ्या कमी-जास्त रुंदीच्या, काचेच्या पायऱ्यांवरून लोक पावसात घसरले म्हणून तो आधीपासून बदनाम आहे, मी चांगली तरणी माणसं तिथे धडपडताना बघितलीत. पियाझाले रोमालाच वापोरेत्तोत बसा आणि पुढच्या स्टॉपला, फेरोव्हियाला उतरा. कॅनालकडे पाठ करून उभे राहिलात की समोर स्टेशन, उजवीकडे लिस्ता दी स्पान्या. झालं, एक पायरी न चढता हॉटेल.

एका स्टॉपसाठी तिकीट किती, तर सुटं तिकीट ९.५० युरो आणि ते ७५ मिनिटं चालतं, युरोचे शंभर रुपये धरले तर चौघांचे एका स्टॉपचे चार हजाराच्या जवळ. हे सुटं काढूच नका. ७२ तासांचा पास ४५ युरोला आहे, पाच फेऱ्यांत वसूल, आणि तुमच्या फेऱ्या दिवसाला चार-पाच होतीलच कारण चालण्याऐवजी बोटीने जायचंय. त्यात एअरपोर्ट बस जोडून मिळते, पण ती जोडलेली बस आक्त्व्हचीच, कोच नाही, मग बॅगा रॅकवर ठेवायची तयारी असेल तर तसं करा, नाहीतर कोचचं वेगळं काढा. मुलाचं मात्र वेगळं बघा, ६ ते २९ वयाच्या मुलांसाठी रोलिंग व्हेनिस नावाचं ६ युरोचं कार्ड आहे, त्यावर ७२ तासांचा पास २७ युरोला मिळतो, म्हणजे ३३ मध्ये काम होतं, त्याचा पासपोर्ट हाताशी ठेवा. आणि पास खिशात असला तरी प्रत्येक वेळी स्टॉपवरच्या मशीनला टेकवायचा, हिरवा दिवा आणि बीप झाल्याशिवाय चढायचं नाही, चेकिंग होतं आणि दंड मोठा आहे, टुरिस्ट आहोत म्हणून सोडत नाहीत.

वापोरेत्तोत माणशी एक बॅग फुकट, लांबी-रुंदी-उंची मिळून १५० सेंटीमीटरपर्यंत. विमानवाल्यांची मर्यादा साधारण १५८ असते, म्हणजे आपली सगळ्यात मोठी २९ इंची बॅग विमानात चालते आणि बोटीच्या नियमात थोडी बाहेर जाते. आजवर माझ्या ग्रुपची बॅग कोणी टेप लावून मोजलेली नाही, पण मधली साइझ घ्या हे मी तरीही सांगेन, तीन मोठ्या बॅगांऐवजी चार मध्यम, प्रत्येकी पंधरा-सोळा किलोच्या, मुलगाही एक ओढेल आणि गरज पडली तर कोणीही एकट्याने उचलेल. मोठ्या बॅगांचं वजन दोघांनी मिळून उचलायचं असतं आणि पुलावर दोघं शेजारी-शेजारी चालायला जागा नसते, मागून माणसं येत असतात.

बोटीत बॅगा दाराशी ठेवतात तिथेच ठेवा आणि एक जण त्यांच्याजवळ उभा रहा. पियाझाले रोमा, फेरोव्हिया, रियाल्तो हे तीन स्टॉप पाकीटमारीसाठी प्रसिद्ध आहेत. स्टेशनच्या आसपास कोणी हसतमुख माणूस बॅग उचलून देतो म्हणून पुढे आला तर नको म्हणा. पोर्टर पाहिजे असेल तर अधिकृत पोर्टर आहेत, पियाझाले रोमा आणि स्टेशनला त्यांचे स्टँड आहेत, त्यांना तिथे पोर्ताबागाल्यी म्हणतात, नगाप्रमाणे पैसे घेतात, आधी विचारून घ्यायचं. स्वस्त नाहीत. पण तुम्ही फोर्मोझाचंच हॉटेल ठेवायचं ठरवलंत तर टॅक्सीवर दीडशे युरो घालवण्यापेक्षा वापोरेत्तो आणि पोर्टर असं केलेलं मला पटेल, बॅगा पोर्टरकडे, सासूबाईंचा हात तुमच्याकडे, पूल सावकाश, मध्ये थांबत.

तरी टॅक्सी घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी हॉटेलला विचारा: पाण्याच्या बाजूला दार आहे का, आणि ओहोटीला टॅक्सी तिथपर्यंत येते का. आतले कालवे अरुंद आणि उथळ, पाणी उतरलं की काही ठिकाणी टॅक्सी शिरतच नाही, मग ती जवळच्या मोठ्या कालव्यावर सोडते आणि ‘थेट दारात’ म्हणून दिलेले पैसे वाया. चौघांना मिळून सव्वाशे ते दीडशे युरो धरा, रात्री उशिरा जास्त. एअरपोर्टच्या आतच काउंटर आहे, तिथे भाडं ठरवून बसायचं. टॅक्सीवर पिवळा पट्टा आणि नंबर असतो तो बघा. ज्यांचे गुडघे धड आहेत आणि हॉटेलला पाण्याचं दार आहे त्यांनी एकदा जरूर घ्यावी, हनिमूनवाल्यांना मी स्वतःच सांगतो, खाडीतून सरळ अरुंद कालव्यात शिरताना जे दिसतं ते दुसऱ्या कशाने दिसत नाही.

गोंडोल्याने हॉटेलला जाता येईल का हे पण बरेच जण विचारतात म्हणून सांगून ठेवतो, नाही. ती अर्ध्या तासाची फेरी आहे, दिवसा ९० युरो गोंडोल्याचे, माणशी नव्हे, संध्याकाळी सातनंतर जास्त. बॅगा घेत नाहीत.

पत्त्याबद्दल जरा नीट वाचा, कारण तरणीताठी माणसंसुद्धा इथे रात्री तासभर फिरतात. व्हेनिसमध्ये पत्ता रस्त्याचा नसतो, विभागाचा असतो. गावाचे सहा विभाग, त्यांना सेस्तिएरे म्हणतात: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, सान पोलो, दोर्सोदुरो, सांता क्रोचे. घरांना नंबर त्या अख्ख्या विभागाचे सलग, म्हणजे कास्तेल्लो ५८०० असा पत्ता येतो आणि तो नंबर कुठल्या गल्लीत आहे हे नुसत्या नंबरवरून कळत नाही. गल्लीला काल्ले, कालव्याच्या कडेच्या वाटेला फोन्दामेन्ता, चौकाला काम्पो, कालव्याला रिओ, घराखालून जाणाऱ्या बोळाला सोतोपोर्तेगो. त्यातही एकाच नावाच्या गल्ल्या दोन-तीन विभागांत असतात. फोनमधला निळा ठिपका उंच भिंतींच्या बोळात भरकटतो, पुलाच्या अलीकडे उभे असाल तर पलीकडे दाखवतो. म्हणून हॉटेलकडून विभाग, नंबर, गल्लीचं नाव, जवळचा चौक आणि जवळचा स्टॉप एवढं लिहून घ्या आणि कागदावर घ्या. भिंतींवर पांढऱ्या चौकोनात काळ्या अक्षरांनी गल्लीचं नाव रंगवलेलं असतं, आणि पिवळ्या पाट्यांवर रियाल्तो, सान मार्को, फेरोव्हिया असे बाण असतात, रस्ता चुकलात तर त्या बाणांवर भरवसा ठेवा, फोनवर नको. नगरपालिकेचा एक नकाशाही आहे ज्यात बोटीने जाऊन पूल न चढता कुठला भाग फिरता येतो ते रंगवून दाखवलंय, ‘व्हेनेत्सिया अच्चेसिबिले’ (Venezia Accessibile) असं शोधा, सासूबाईंसाठी तो डाउनलोड करूनच जा. सान मार्कोचा चौक, डोजचा, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या शासकाचा, राजवाडा हे सगळं त्यात येतं.

कोणी म्हणेल मुख्य जमिनीवरच्या मेस्त्रेला राहा, स्वस्त पडतं, लिफ्ट असते, आपले बहुतेक ग्रुप तिकडेच राहतात. बरोबर आहे, एअरपोर्टवरून मेस्त्रे स्टेशनला थेट बस आहे आणि तिथून ट्रेनने सांता लुचिया दहा-बारा मिनिटं. पण दिवसभर थकून, संध्याकाळी सहाला सगळ्यांसोबत गर्दीच्या ट्रेनमध्ये उभं राहून परत यायचं आणि रात्रीचं व्हेनिस बघायचंच नाही. डे-ट्रिपवाले परत गेले की रात्री नऊनंतर गाव शांत होतं, पाण्याचा आवाज येतो, ते बघायला तर जायचं असतं. एक रात्र असेल तर मेस्त्रे ठीक, तुमच्या तीन रात्री आहेत, बेटावर राहा.

मेमध्ये एक छोटं काम आठवणीने करा. २०२४ पासून दिवसापुरतं येणाऱ्यांना ठरावीक तारखांना प्रवेश फी लागते. रात्री राहणाऱ्यांना ती माफ आहे, मेस्त्रेत राहणाऱ्यांनाही, कारण मेस्त्रे व्हेनिस नगरपालिकेतच येतं, पादोव्हाला राहणाऱ्यांना मात्र भरावी लागते. माफीसाठी साइटवर नाव नोंदवून क्यूआर कोड घ्यायचा असतो, तुमच्या तारखा त्या यादीत आहेत का ते बघा आणि चौघांचे कोड काढून फोनमध्ये ठेवा. हॉटेल वेगळा सिटी टॅक्स घेईल माणशी दर रात्रीचा, तो वेगळा.

संपाचंही बघा. इटलीत बस-बोटीचे संप आधी जाहीर होतात, ‘शोपेरो’ (sciopero) हा शब्द आणि तारीख टाकून निघायच्या आठवड्यात एकदा शोधा. संप असला तरी काही तास सेवा चालूच ठेवतात. पाणी चढायची भीती मेमध्ये फारशी नसते, तो प्रकार मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीचा, आणि २०२० पासून खाडीच्या तोंडावरचे मोझे नावाचे पाणी अडवणारे दरवाजे मोठी भरती आली की उचलतात, त्यामुळे त्यात बराच फरक पडलाय.

परतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण एमिरेट्सने किंवा कशानेही दुपारी निघत असाल तर आलात तसेच उलटे जा, फेरोव्हिया, पियाझाले रोमा, कोच, विमानाच्या साडेतीन तास आधी एअरपोर्टवर पोचाल असं निघा, सकाळी साडेआठ ते दहा वापोरेत्तो भरलेल्या येतात तेव्हा बॅगांसकट एखादी सोडावी लागेल हे धरून. पहाटेचं विमान असेल तर मात्र शेवटची एक रात्र मेस्त्रे किंवा एअरपोर्टजवळ काढा, काळोखात झोपेतून उठवून सासूबाईंना हलत्या बोटीत चढवू नका.

हॉटेलला मेल आजच टाका, इंग्रजीत चार ओळी पुरेत, आणि लिस्ता दी स्पान्यावर एखादं हॉटेल सापडलं की नाव मला कळवा, तिथली बरीचशी मी आतून बघितलीत, कुठल्या हॉटेलात लिफ्टच्या आधीच सहा पायऱ्या आहेत ते सांगतो.